भाऊसाहेबांच्या दारातला प्लग

"म्हणजे उणे पंचवीसमध्ये तू हिटर बंद ठेवून गाडी चालवतेस?" विलासने तोडलेला घास ताटात परत ठेवला. "आणि हे मला आज कळतंय?"

"काच धूसर झाली की लावते ना थोडा वेळ," सुहासिनी म्हणाली.

"विकून टाकू ती. साधी पेट्रोलची बघतो तुझ्यासाठी."

"तेलकंपनीत जन्म काढलेला माणूस दुसरं काय सांगणार."

"मॉम, डॅड इज नॉट राँग," ऊर्मी फोनमधून मान वर न काढता म्हणाली.

सुहासिनीकडे सांगण्यासारखं होतं, पण सांगायचं तर दुपारपासून सांगावं लागणार होतं.

ती पायांची नर्स. नागपूरला बारा वर्षं वॉर्डात काढली, कॅल्गरीत येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, आणि आता बावन्नाव्या वर्षी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची नखं कापते, कुरुपं घासते, मधुमेह असलेल्यांचे तळवे उजेडात धरून बघते. सासूबाईंना फोनवर ती नुसतं 'नर्सिंग' एवढंच सांगते.

जुनी इलेक्ट्रिक गाडी तिनेच हट्टाने घेतली होती. उन्हाळ्यात गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. हिवाळ्यात मात्र रात्रभर घरच्या प्लगला लावूनही, हिटर चालू ठेवला की सत्तर किलोमीटरला बॅटरी संपायची. तिची रोजची फेरी ऐंशीची. मग हिटर बंद, अंगावर दोन स्वेटर, मांडीवर शाल. घरी बोलायची सोय नव्हती. बोलली असती तर गाडी गेली असती. आज पानावर ते तोंडून निसटलं.

आज दुपारी ती भाऊसाहेबांकडे पोचली तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. भाऊसाहेब शहाऐंशीचे, एकटे, मधुमेहाने पाय बधिर झालेले. तिने त्यांची टाच मांडीवर घेतली, कटर लावला.

"सुहासिनी, थांब," ते पायाकडे बघत शांतपणे म्हणाले.

कटरची धार नखाला नव्हे, कातडीला टेकली होती. त्यांच्या पायाला कळलं नव्हतं आणि तिच्या बोटांनाही. रक्त आलं नव्हतं, एवढंच. असल्या पायावरची एक चीर महिनोन्महिने भरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक.

पाय भिजवायला आणलेलं कोमट पाण्याचं घमेलं त्यांनी पायानेच तिच्याकडे सरकवलं. "आधी तुझे हात."

हात पाण्यात असताना तिने सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "गॅरेजपाशी प्लग आहे. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्रभर त्याला लावून ठेवायचो. गाडी विकली, त्याला सहा वर्षं झाली. लाव तुझी."

"नको, भाऊसाहेब. मी कुणाकडे चहासुद्धा घेत नाही."

"फार मोठी आहेस. रोज लोकांचे पाय मांडीवर घ्यायचे आणि त्यांनी काही दिलं की नको म्हणायचं. आम्ही बसायचं कसं मग, मान खाली घालून?"

तिने डिकीतून वायर काढली. तासाभरात पाचेक किलोमीटर वाढले. येताना पहिल्यांदाच हिटर चालू ठेवून ती घरी आली. सिग्नलला थांबल्यावर तिने दोन्ही तळहातांकडे पाहिलं. गुलाबी, ऊबदार होते. आपल्या साऱ्याच म्हाताऱ्यांनी गाड्या सोडल्या आहेत आणि प्रत्येकाच्या दारात असा प्लग रिकामा आहे, हे तिला तिथेच सुचलं. इतकी वर्षं त्या दारांतून ती आत गेली होती, आणि ती माणसं तिची वाट बघत दारं उघडी ठेवत होती.

हे सगळं तिने आता पानावर बसूनच सांगितलं. कटरचं सांगताना आवाज खाली गेला, पण सांगितलं.

विलास म्हणाला, "पाच किलोमीटरसाठी लोकांच्या दारात वायरी टाकत फिरणार?"

"रोज पाच घरं असतात. पंचवीस झाले, मला कमी पडतात दहाच." सुहासिनीने आपलं ताट उचललं. "गाडी विकायची नाही. उद्यापासून पाचही घरी विचारून प्लग लावणार. कामं घाईने उरकणार नाही, यायला साडेसात होतील. रात्रीचा स्वयंपाक तुम्ही दोघांनी करायचा."