पाटा आमच्याकडे, वरवंटा त्यांच्याकडे

आमच्या घरात पाटा होता, पण वरवंटा नव्हता. वरवंटा काकाजींच्या घरी, अंगणातल्या भिंतीपलीकडे असायचा, आणि त्यांच्याकडे पाटा नव्हता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांकडे असंच असतं. मग एकदा मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात दोन्ही वस्तू एकाच कोपऱ्यात दिसल्या. घरी येऊन मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, तुझ्या आजीला विचार, तिचाच उद्योग आहे हा.

आमचं गाव आमगावपासून सायकलीनं अर्ध्या तासावर. मी पाळण्यात असताना बाबा आणि काकाजी, दोघे सख्खे भाऊ, बोडीच्या पाण्यावरून भांडले. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. धान गर्भात आलं असताना पावसानं दडी मारली आणि आधी कुणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी सोडायचं यावरून दोघांची जुंपली. धान दोघांचंही पिकलं, पण बोलणं बंद झालं ते झालंच. हिस्सेवाटणी करायचं ठरलं. आजोबा तेव्हा हयात नव्हते, म्हणून चार जाणती माणसं बोलावली. शेताची वाटणी त्यांनी केली. घरातल्या वस्तूंची मात्र मी करीन, असं आजी म्हणाली.

आणि तिनं ती अशी केली. पाटा मोठ्याला, वरवंटा लहान्याला. उखळ लहान्याला, मुसळ मोठ्याला. अंगणातल्या विहिरीची बादली आम्हाला, दोर त्यांना. आलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. एकानं तर काकाजींना बाजूला घेऊन सांगितलं म्हणे, की म्हातारीला दवाखान्यात दाखवून घ्या. म्हातारी कसली, तेव्हा ती पन्नाशीचीसुद्धा नसेल. बाघ नदीपलीकडून लग्न होऊन आलेली, ऐन तिशीत नवरा गेलेला, शेताच्या धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर तूर लावून दोन पोरं वाढवलेली बाई. तिचं डोकं त्या चौघांपेक्षा बरं चालत होतं.

शेवटी आजीची स्वतःची वाटणी आली. आमच्याकडे आईबापाला महिने वाटून देतात, सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. आजीनं ते ऐकूनच घेतलं नाही.

"मी जेवीन लहान्याकडं, झोपीन मोठ्याकडं," ती म्हणाली. "भिंत घाला, पन मले वाट सोडा."

म्हणून भिंतीत एक माणूस जाईल एवढी वाट सुटली. दार नाही, चौकट नाही, नुसती वाट. त्या वाटेनं ती रोज किती वेळा जायची याला गणती नव्हती. बाबांचं म्हणणं काकाजींना आणि काकाजींचं बाबांना तिच्याच तोंडून कळायचं. तेही ती जसंच्या तसं पोचवत नसे. बाबा तावातावानं काही बोलले की पलीकडे जाऊन सांगायची, मोठा विचारत होता, पऱ्हे कमी पडले तर आमच्याकडचे न्या. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, काकाजी खरंच घेऊन जायचे आणि बाबा आ वासून बघत राहायचे.

आई आणि काकू यांचं मात्र भांडण नव्हतंच. नवरे बोलत नाहीत म्हणून त्याही बोलत नव्हत्या इतकंच. पण सकाळी पाणी काढायचं तर बादलीला दोर लागणारच, आणि लाखोळीच्या डाळीचे वडे करायचे तर वाटण वाटावंच लागणार. वरवंटा मागायला गेलेली आई अर्धा तास परत यायची नाही. आली की तोंड कसनुसं करून म्हणायची, काकूनं बसवूनच घेतलं.

पुढे विहिरीवर मोटर बसली आणि बादली माळ्यावर गेली. गावात भरडाईची गिरणी आली, मुसळ कोपऱ्यात उभं राहिलं. उरले पाटा आणि वरवंटा. त्यांची वाट मी लावली.

मला गोंदियात शाळेत नोकरी लागली. पहिल्या पगारातून मी आईसाठी मिक्सर घेतला आणि पॅसेंजरमध्ये मांडीवर धरून आणला. आईला इतका आनंद झाला की तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं. आजी भिंतीला टेकून बघत होती. मी मोठ्या दिमाखात बटण दाबून दाखवलं आणि म्हटलं, आजी, आता कुणाला वरवंटा आणायला जायची गरज नाही.

"मंग आता कोन जाईल तिकडं?" एवढंच ती म्हणाली आणि उठून पलीकडे गेली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला फार राग आला. एवढ्या हौसेनं आणलेल्या वस्तूला हिनं नाक मुरडावं! म्हातारपणी माणसं हेकट होतात, असं मी मैत्रिणीला सांगितलंसुद्धा. महिनाभरात काकूनंही मिक्सर घेतला. त्या वर्षी पोळ्याला दोन्ही घरांत डाळ वेगळी वाटली गेली, वडे वेगळे तळले गेले. आईला काकूकडे जायला काही कारणच उरलं नव्हतं. सणाला घरी आलेली मी स्वयंपाकघरात वडे खात बसले होते आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आजीला जाऊन सांगावं, की माझं चुकलं, असं फार वाटलं. सांगितलं नाही. तिची माफी मागायची मला कायम लाज वाटायची.

तिनं माझ्या माफीची वाट पाहिलीही नाही. पुढच्याच आठवड्यात तिनं जाहीर केलं की मिक्सरची चटणी तिला पचत नाही. पोटात आग होते, जीभ चरचरते. पाट्यावर वाटलेली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, चटणी असेल तरच ती दोन घास खाईल. हीच बाई त्याच उन्हाळ्यात एका लग्नात मिक्सरमधली चटणी तीनदा मागून जेवली होती, माझ्या शेजारी बसून. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले, आणि तीच माझी माफी झाली. दुसऱ्या दिवसापासून वरवंटा पुन्हा रोज येऊ लागला. काकू तो घेऊन यायची, चटणी आमच्या पाट्यावर वाटायची, आई शेजारी बसायची.

असं आणखी पंधरा वर्षं चाललं. शेवटी शेवटी आजीला चालवेना. तेव्हा बाबा तिला धरून त्या वाटेपर्यंत न्यायचे आणि पलीकडून काकाजी तिचा हात धरायचे. दोघे भाऊ हातभर अंतरावर यायचे, पण बोलायचे नाहीत. काकाजी सगळ्यांदेखत एकदा म्हणाले होते, माय आहे तोवर ही वाट, मग बुजवून टाकीन. भिंतीशी त्यांनी विटाही आणून ठेवल्या होत्या. आजी त्या विटांना हात टेकून दम खायची.

पंचाऐंशी ओलांडून ती गेली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूनं वरवंटा धुऊनपुसून आमच्या सपरीत, पुढच्या पडवीत, आणून ठेवला. डोळ्याला पदर लावून म्हणाली, आता कोणासाठी वाटायचं, जोडी तुमच्याकडेच राहू द्या. मी विटांच्या ढिगाकडे बघत होते.

बाबा खाटेवर बसले होते. ते उठले, वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि अनवाणीच त्या वाटेनं पलीकडे गेले. माझ्या आठवणीत प्रथमच. मी मागोमाग वाटेपर्यंत गेले. काकाजी ओट्यावर होते. बाबांनी वरवंटा त्यांच्याजवळ ठेवला.

"ठेव तुझ्यापाशी," बाबा म्हणाले. "मले लागला तं मी येईन मांगाले."

काकाजी बराच वेळ वरवंट्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "चहा घेऊन जा."

त्या विटा आता भिंतीशी नाहीत. वाट जरा उंचसखल आहे आणि बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून काकाजींनी तिथं दोन पायऱ्या बांधून घेतल्या.