खडा पडला की वर यायचं

पाण्याखाली दम संपला तर काय करायचं, हे मला दोघांनी शिकवलं. एक माझी आई, जिला पोहताही येत नव्हतं. दुसरा समुद्रकाठचा एक पाणबुड्या. दोघांचं म्हणणं एकमेकांच्या अगदी उलट होतं, आणि मी दोघांचंही पुरतं ऐकलं नाही.

बेला गावाकडच्या आमच्या वस्तीच्या विहिरीत बादली पडली की मला उतरवत. गळ टाकत बसायला कोणाला सवड नव्हती, आणि मी आयताच होतो. पलीकडच्या ज्या विहिरीला आमचा दोर चालत नसे, तिच्यात काही बुडालं की मात्र माझं अख्खं अंग चालायचं. त्याचा राग मला अजून येतो. मी तळाशी गेलो की आई काठावर बसून माझ्यासोबत दम धरायची. आमच्याकडे तशी रीतच होती, बुडी मारणाऱ्याच्या घरच्या माणसानं वर दम धरायचा. तिचा दम सुटला की ती पाण्यात खडा टाकायची. काळ्या शेतात सापडतो तो पांढरा, चुनखडीचा, म्हणजे अंधारात दिसावा. खडा दिसला की हातातलं सोडून वर यायचं, आणि येताना तोंडातून बुडबुडे सोडायचे, निघालो हे वरच्यांना कळावं म्हणून. तोवर दम गच्च धरायचा. "दम सुटला का मानूस सुटला," आई म्हणायची.

पुढे शिकलो, पाटबंधारे खात्यात कारकून झालो, जिल्ह्यातल्याच एका धरणावर. एका वर्षी तिथल्या तुमाची झडप बसेना. तूम म्हणजे धरणाच्या पोटातून कालव्यात पाणी सोडायची खिडकी. झडपेखाली झाडाचं खोड अडकलं होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी वाया जात होतं. साहेबांनी समुद्रकाठाहून दोन पाणबुडे आणवले. त्यांतला धाकटा चार दिवसांत हिवतापानं आडवा झाला. एकट्यानं खाली जायचं नाही, हा थोरल्याचा नियम. ऑफिसात कोणीतरी माझ्या विहिरींच्या गोष्टी सांगितल्या. कोणीतरी कशाला, मीच सांगत फिरायचो.

थोरला मोडक्या हिंदीत बोले, मला तम्मी म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. मी त्याला अन्ना म्हणू लागलो. त्यानं मला कडेच्या उथळ पाण्यात तीन दिवस घोळवलं. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. हवा ओढायला जड जाऊ लागली तर टाकीच्या बाजूची दांडी खाली ओढायची, म्हणजे राखून ठेवलेली थोडी हवा मिळते. तीही संपली तर गळ्यावरून आडवा हात फिरवून त्याला खूण करायची. मग त्याचीच नळी, दोन श्वास तुला, दोन श्वास मला, एका विडीवर दोघांनी भागवावं तसं. आणि तो हाताशी नसेल तर?

"हवा खतम, तो हवा छोड," तो म्हणाला.

मला वाटलं, याची हिंदी चुकली. पण तो खरंच तसं सांगत होता. टाकीतली हवा खोलात दाबलेली छातीत जाते आणि वर येताना ती फुगते. दम धरून आलास तर फुप्फुस फाटेल. तोंड मोकळं ठेवून, आ करत, सोडत सोडत यायचं. मी तीनदा दम धरून वर निघालो आणि तिन्ही वेळा त्यानं माझ्या पोटात गुद्दा मारला.

रविवारी घरी गेलो तेव्हा आईला सांगितलं की मंगळवारी खाली उतरणार. ती ज्वारी निवडत होती.

"खडा कोन टाकीन?" तिनं विचारलं.

"खडा कशाले पाह्यजे? पाठीवर हवा असते."

"हवा असते, पन वरतं आपलं मानूस नसते ना."

मी हसलो. आमच्या घरात बुद्धवंदना होती, भुताखेतांना मनाई होती, आणि असल्या खुळांना तर मी स्वतः दार लावत असे.

मंगळवारी दहाच्या सुमारास नावेतून पाण्यात उतरलो. वर लख्ख ऊन होतं. दोन पुरुष खोल गेल्यावर पाणी चहासारखं झालं, आणखी खाली हातभरापलीकडचं दिसेना. तळाशी बुडालेली झाडं तशीच उभी होती, पानं नसलेली. एका बुंध्याला बैल बांधायची साखळी अजून होती. ती हलत होती. आवाज फक्त माझ्या श्वासाचा, पण कोणीतरी मागे उभं राहून तो घेतंय असं वाटे. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

अन्ना खोडाच्या त्या टोकाला दोर बांधत होता, मी या टोकाच्या फांद्या कापत होतो. एकमेकांच्या हातापलीकडे जायचं नाही असं ठरलं होतं. एक फांदी सुटेना म्हणून मी पुढे सरकलो, गाळ उठला आणि अन्ना दिसेनासा झाला. मग एक श्वास जड आला आणि पुढचा आलाच नाही. मी दांडी चाचपली. ती आधीच खाली होती. फांदीत अडकून केव्हा ओढली गेली कोण जाणे, राखीव हवा मी न कळत संपवून बसलो होतो. गळ्यावरून हात फिरवला, पण त्या गाळात बघणार कोण? अन्नाला शोधायला हात लांब केला, तर हाताला साखळी लागली.

मी मरणाचा घाबरलो. आणि अंगानं लहानपणापासूनचं केलं, दम गच्च धरला आणि वर निघालो. अन्नाचं सांगणं, त्याचे गुद्दे, सगळं आठवत होतं. तोंड उघडत नव्हतं. उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचललं जावं तशी छाती आतून उचलू लागली.

तेवढ्यात माझ्या काचेसमोरून एक पांढरा खडा खाली गेला. सावकाश, डोलत, विहिरीत जातो तसा. मागोमाग दुसरा आला आणि तो मी मुठीत धरला. खडा दिसला म्हणजे बुडबुडे सोडायचे. तोंड आपोआप उघडलं. हवा निघू लागली, ती थांबेचना. टाकी रिकामी, छाती रिकामी करतोय, मग ही हवा येत होती कुठून? सोडावी तेवढी छाती पुन्हा भरत होती. माझ्या आतून दुसरंच कोणी श्वास सोडत होतं. उजेड दिसला तरी ते सोडतच होतं.

मला नावेत ओढून घेतलं. अन्ना मागोमाग आला, त्यानं आधी थोबाडीत मारली आणि मग मिठी मारली. खडे कोण टाकत होतं, मी विचारलं. आम्ही नाही, नावेतले दोघे म्हणाले. धरणाच्या भिंतीवर चिटपाखरू नव्हतं. अन्नानं माझी मूठ उघडून पाहिली, म्हणाला, भिंतीचा चुना सुटतो. सुटत असेल.

दुपारची बस धरून घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. आई बाजेवर पडली होती. शेजारची काकू उशाशी बसली होती.

"सकाळपासून ईरीवर बसून होती थे, ओटीभर खडे घेऊन," काकू म्हणाली. "अकराच्या आत भोवळ येऊन पडली. काऊन असं करून राह्यली म्हनलं, त बोलेच ना."

ती विहीर चार वर्षांपासून कोरडी होती. मी जाऊन वाकून पाहिलं. तळाच्या काळ्या, भेगाळलेल्या मातीवर पांढरे खडे पडले होते. मी खिशातला माझा खडा काढून त्यांच्यात टाकला. पडल्यावर कोणता माझा, ते ओळखता येईना. मला भीती वाटली, आणि तिच्याहून जास्त लाज वाटली.

परत आलो तेव्हा आई उठून बसली होती. ओठ अजून निळसर होते.

"खडा भेटला का?"

नाही म्हणणार होतो. "भेटला," मी म्हणालो.

तिनं माझ्या छातीवर हात ठेवला आणि ती वरखाली होते का ते बघत राहिली. मग एकदम तिचा आवाज फाटला.

"मंग वर याले इतका उशीर काऊन लावला रे?"