सरांच्या नावाचा नारळ

गेल्या रविवारी मी देवळात गेले होते... मला ओळखणाऱ्यांना हे वाचून धक्का बसेल, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर तुरुंगात आहेत, हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसायचो. डिचोली तालुक्यातल्या त्यांच्या गावात खाणीचा गाळ शेतात आणि झऱ्यात उतरतो, एवढंच ते सांगत होते. एक दिवस फलक घेऊन पंचायतीसमोर शांतपणे बसले, आणि लोकांना भडकावलं म्हणून त्यांना उचललं.

त्यांच्या सुटकेसाठी आम्ही काही जण सह्या गोळा करतोय. पणजीत मिळाल्या, वास्कोत मिळाल्या, बुधवारी डिचोलीच्या बाजारात भाजीवाल्या बायकांनीसुद्धा केल्या. त्यांच्या स्वतःच्या गावात मात्र एकही नाही.

आणि नेमकी तिथलीच हवी होती. हा माणूस परत आला तर गावाची शांतता बिघडेल, गावालाच तो नकोय, असं सरकारी वकिलांनी जामिनाला विरोध करताना सांगितलं होतं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, याला उत्तर गावानेच द्यायला हवं... तुम्ही कितीही बोला, तुम्ही बाहेरच्या.

मी दारोदार फिरले. सगळीकडे पाणी, चहा, खुर्ची... आणि मग, "सर बरो मनीस गो बाई. पूण सही नाका."

कारण प्रत्येकाच्या अंगणात उभं होतं. ट्रक. खाणीवर चालला तर घर चालतं. सही केली आणि उद्या ट्रकला खेप मिळाली नाही, तर हप्ता मी भरणार होते का? त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. पण राग आला होता, हेही खरं.

सर्वांत जास्त राग देवळाचे मानकरी असलेल्या म्हाताऱ्या गावकरांचा आला. देवळात गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. सर त्यांच्या मांडीवर खेळलेले. पण मुलाचे दोन ट्रक... त्यांनी माझा कागद चष्मा लावून पूर्ण वाचला आणि घडी घालून परत दिला.

मग सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या की रविवारी देवळात वर्षाचं गाऱ्हाणं आहे, मी नारळ ठेवणार. माझा पारा चढला. म्हटलं, "वहिनी, कोर्टात नारळ चालत नाही."

"कोर्टांत कोण ठेवता, बाई? तुमी फकत गाडी हाडा."

आणली गाडी.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्याला अडचण आहे त्याने देवापुढे नारळ ठेवायचा. गावकराने ती अडचण मोठ्याने देवाला सांगायची, आणि मंडपात जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. पुढे आलेला नारळ गावकराला परत करता येत नाही. मंडपात उभं राहून गप्पही राहता येत नाही.

कुणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, कुणाची म्हैस आटली होती. सगळ्यांसाठी जोरात 'व्हय म्हाराजा' झालं. मग वहिनींनी नारळ ठेवला.

गावकरांनी घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकीची जी कितें अडचण आसा, ती..."

"नांव घेयात, गावकरानूं." वहिनींचा आवाज अजिबात चढला नव्हता. "म्हशीचें सुद्धा नांव घेतलांत."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. गावकर हसले नाहीत. त्यांनी नारळाकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं... आणि सरांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, घराण्यासकट.

"हो गावचो पूत बंदीत आसा म्हाराजा. ताणें कोणाचें वायट करूंक ना. ताका सुखरूप घरा हाड!"

"व्हय म्हाराजा..." पाच-सहाच आवाज आले. तेही बायकांचे.

गावकर वळले. "कितें रे, म्हशीखातीर आवाज फुटता आनी मनशाखातीर फुटना?" आणि त्यांनी तेच गाऱ्हाणं पहिल्यापासून पुन्हा घातलं. या वेळी ट्रकवाले ओरडले, त्यांचे बाप ओरडले... मीसुद्धा ओरडले. देवाशी माझं काही बोलणं नसतं. पण त्या दिवशी गप्प राहणं जमलं नाही.

प्रसाद वाटून झाल्यावर गावकर माझ्यापाशी आले. "कागद हाडलात?" माझ्या पर्समध्ये होताच. "देवाक व्हय म्हटल्यार तुमच्या कागदाक ना कशें म्हणूं?" त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून सही केली, आणि पेन परत माझ्याकडे न देता शेजारच्याच्या हातात दिलं. त्याने तोंड वाकडं केलं... पण केली. काही जण मागच्या मागे सटकले. बाकीच्यांनी पेन पुढे पुढे नेलं.

कागद वकीलबाईंकडे पोचलाय. जामिनाचा निकाल अजून यायचा आहे, तेव्हा अभिनंदनाचे मेसेज कृपया नकोत. सह्या मात्र अजून हव्या आहेत.

काल वहिनी सरांना भेटून आल्या. गाऱ्हाण्याची गोष्ट ऐकून सर आधी हसले म्हणे... मग विचारलं, "कोण कोण होते?"

वहिनी एकेक घर घेऊन नावं सांगत राहिल्या. वरच्या वाड्यातली, म्हणजे वरच्या वस्तीतली, घरं झाली आणि भेटीची वेळ संपली. खालच्या वाड्याची नावं त्या पुढच्या भेटीत सांगणार आहेत.

त्या नावांतल्या प्रत्येकाचे मनापासून आभार.