गावाचं नाव नसलेलं पुस्तक

आमच्या बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या आणि लिहायला बसल्या. रोवणीची, म्हणजे भातलावणीची गाणी, तलावातली कमळं, धानातले सारस पक्षी, सगळं एकाच पुस्तकात. त्यांनी लिहिलं होतं, गाणं म्हणणारी बाई आणि सारस एकाच चिखलात उभे असतात. त्यांची वही मीच टाइप करून देत होते; हे वाक्य टाइप करताना कुडव्यातल्या माझ्या घरात मी एकटीच 'वा!' म्हणाले.

शेवटचा भाग एका घरट्यावर होता. सारसाच्या जोडीनं धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात, अंडी घातली होती आणि शेताच्या मालकिणीनं घरट्याभोवतीचा तुकडा न रोवता तसाच सोडला होता. गाव कोणतं, हे बाईंनी मलाही सांगितलं नाही.

प्रकाशक म्हणाला, गावाचं नाव टाका, लोक बघायला जातील, पुस्तक खपेल. बाई नाही म्हणाल्या. त्यानं छपाईच थांबवली. माझं डोकं फिरलं. स्कूटी काढली आणि तडक त्यांचं घर गाठलं.

"बाई, इतक्या वर्षांची मेहनत! एका नावासाठी काऊन अडून बसल्या?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोटारी येतीन, कॅमेरे येतीन. जोडी अंडे टाकून जाईन, पुन्हा कधी येनार नाही. मंग पुस्तक कायले छापाचं?"

"पण प्रकाशक हातचा गेला ना!"

"जाऊ दे. पुस्तक काय उडून जाऊन राहिलं? पिल्लं उडू दे आधी."

माझा राग तिथंच विरघळला. अशी हट्टी बाई आपल्याला शिकवायला होती, याचा अभिमान वाटला.

हिवाळ्यात त्यांचा फोन आला, "उडले वो दोन्ही!" पुस्तक उन्हाळ्यात निघालं, एका छोट्या प्रकाशकाकडून. गावाचं नाव त्यात नाही ते नाहीच. ते ऐकायला बाईंच्या अंगणात आजूबाजूच्या गावांतल्या बायका जमल्या. बाई घरट्याचा भाग वाचू लागल्या, तशी पुढं बसलेली एक शेतकरीण ओरडली, "अवो, हे त आमचीच बांधी होय!"

बाईंनी वाचता वाचता ओठांवर बोट ठेवलं. तिनं पटकन तोंडाला पदर लावला.

नंतर चहा घेताना मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले. हळूच विचारलं, "कुठं आहे हो तुमची बांधी?"

तिनं मला वरून खाली न्याहाळलं, कपातला चहा शांतपणे संपवला आणि म्हणाली, "कोनती बांधी?"