बेंदराचा बैल आणि देवडीकर सर

प्रा. वामनराव देवडीकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते पणदऱ्याच्या एका बांधावर बसून कसला तरी पांढरा तुकडा चाटत होते. मी जळोचीचा, बारामतीच्या कॉलेजात नुकताच बी. ए.ला गेलेलो. इस्त्रीच्या शर्टातला भला माणूस भर उन्हात माती चाटतोय म्हटल्यावर मी सायकल थांबवली. "काका, बरं वाटत न्हाय का?" सर शांतपणे म्हणाले, "जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. हे चिकटलं. तुम्ही बघता का?" आणि तुकडा माझ्यापुढं धरला! मी पळालो. दुसऱ्या दिवशी वर्गात इतिहास शिकवायला तेच उभे. तेव्हापासून मी सरांच्या मागं आहे, आणि आज सरांनी पंचाहत्तरी गाठली आहे.

नीरा आणि कऱ्हेच्या काठची जुन्या वस्त्यांची टेकाडं सरांनी पायी पालथी घातली. अशा टेकाडाला आपल्याकडं पांढर म्हणतात. तिथली राखट माती लोक पिढ्यान्‌पिढ्या घराच्या धाब्यावर नेऊन टाकतात, आणि तिच्याबरोबर कुणाची तरी चूल, कुणाचे तरी मणी जातात. सरांचा जीव त्यासाठी तुटतो. पण लिहिताना मात्र ते कमालीचे कठोर. "जे दिसलं तेवढंच लिहायचं. जे दिसावंसं वाटलं, ते घरी जाऊन बायकोला सांगायचं," असं ते आम्हाला बजावत. काकू आतून म्हणत, "व्हय, आन् बायकोनं ऐकायचं!"

कुणी काहीही घेऊन आलं, तरी सरांनी त्याला हसून घालवलेलं मला आठवत नाही. लोणी देवकरच्या कारखान्यातले एक कामगार पाया खणताना सापडलेलं 'शिवकालीन नाणं' रजा टाकून घेऊन आले. सरांनी ते ब्रशनं साफ केलं, भिंगाखाली धरलं, त्यांना चहा पाजला आणि मग सांगितलं, "हा नट-बोल्टाचा वायसर आहे. पण तुम्ही तो फेकला नाहीत, हे फार चांगलं केलंत." ते गृहस्थ इतके खूश होऊन गेले की पुढं खरोखरीच्या जुन्या विटा सापडल्या, तेव्हा सगळ्यांत आधी त्यांचाच फोन आला. मी असतो, तर त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं.

आता माझी फजिती सांगतो. ती सांगितल्याशिवाय सरांचा गौरव पुरा व्हायचा नाही.

तीनेक वर्षांपूर्वी पणदऱ्याच्या बाजूला ज्ञानूआबा नावाच्या वयस्क शेतकऱ्यानं आपल्या रानातली पांढर सपाट करून ऊस लावायचं ठरवलं. जेसीबीसुद्धा बांधावर येऊन उभा राहिला. सरांनी दोनदा जाऊन हात जोडले. आबा म्हणाले, "सर, खापरं चघळून पोट भरत न्हाय." त्याच आठवड्यात मला त्या टेकाडाच्या कडेला भाजल्या मातीचा वीतभर बैल सापडला. उंच वशिंड, आणि मोडक्या शिंगातून हिरवट तांबं डोकावतंय! तांबं म्हणजे ताम्रपाषाणयुग! माझं डोकंच फिरलं. सरांना न विचारता मी वार्ताहराला फोन लावला. चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स: 'तीन हजार वर्षांपूर्वीचा बैल.' त्यावर बैलापेक्षा माझा फोटो मोठा. आबांनी जेसीबी आठ दिवस थांबवला आणि सांगितलं, "तुमच्या सरांना आणा. ते म्हणतील तसं."

देवळापुढं गाव जमलं. सरांनी बैल हातात घेतला, शिंग निरखलं, आणि त्यांचा चेहरा पडला. मी कानाशी लागलो, "सर, टेकाड वाचतंय. गप बसा ना." एवढ्या वर्षांत सर माझ्यावर पहिल्यांदा चिडले. "खोटा बैल जुंपून खरं टेकाड ओढायचं का?" आणि उठून त्यांनी जाहीर सांगितलं, "हा बेंदराच्या सणाला पूजतात तो मातीचा बैल आहे. शिंगात यंत्रावर ओढलेली तार आहे. वय फार तर साठ वर्षं. गडबड आमच्याकडून झाली, मी माफी मागतो." आमच्याकडून! चूक सगळी माझी, आणि हात सरांनी जोडले. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

जेसीबीवाल्यानं विडी विझवली. तेवढ्यात ज्ञानूआबा उठले. "बैल माझा हाय. ल्हानपणी मीच केला, चुलीत भाजला. ती तार आमच्या रेडिओची एरियल. तिच्यापायी वडलांनी मला बडवलावता."

मी ओरडलोच, "आबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवशीच. गावानं तुमचा फोटो लावला, मी कशाला मधी बोलू? सर टेकाड जुनं हाय म्हनत्यात, ते खरं का थाप, ते मला बघायचं हुतं. स्वतःच्या फायद्याचं खोटं ज्याला बोलवंना, त्याचं टेकाड खरंच असणार." मग ते ड्रायव्हरकडं वळले. "ने रं तुझं धूड. पांढर ऱ्हाऊ दे."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. मी तर उघड रडलो. फ्लेक्स मात्र महिनाभर तसाच होता, आणि जाता-येता लोक मला "काय बैलवाले?" म्हणून हाक मारत.

पुढं रीतसर परवानगी निघाली. आता तिथं उत्खनन चालू आहे आणि सर रोज हजर असतात. काकूंनी हाडाला जीभ लावायला बंदी केली आहे, सर ती पाळतात असं म्हणतात. घाई केलेली त्यांना चालत नाही, दिवसाला हातभर जागेतली चार बोटं माती काढली की म्हणतात, "आज फार झालं." सर, मी मापून पाहिलंय. या चालीनं सगळ्या टेकाडाच्या तळाला पोचायला तीस वर्षं तरी लागतील. तोवर आपल्याला धडधाकट राहणं भाग आहे, कारण ज्ञानूआबांनी पांढर माझ्या नाही, तुमच्या शब्दावर सोडली आहे.