बांबूचा गळ

भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचा वास आला की मला हसनाबादजवळचा पाझर तलाव आठवतो. लग्नाला तीनच महिने झाले होते. बायको घनसावंगीकडची, गोदावरीच्या काठी वाढलेली. मी मात्र कधी गळाला हात लावला नव्हता. दुकानातल्या मासे धरायच्या काठीची किंमत विचारून मी परत आलो, तर ती हसली. "एवढा खर्चा कशाला? कुंपणातला बांबू बराबर चालतो." तिनं बांबूला नायलॉनचा दोरा बांधला, तरंगायला तुटक्या चपलेचा तुकडा लावला आणि गळाला पेंड-कणकेची गोळी. तलावावर सकाळभर काही घडलं नाही. मग पाण्यावर बारीक बुडबुडे आले. "आला!" ती कुजबुजली, आणि चपलेचा तुकडा एकदम बुडाला. मी काठी जोरात उचलली. "ओढू नका, दोरा तुटंल! त्याच्या मागं चाला!" मी कपड्यांसकट पाण्यात शिरलो. मासा नेईल तिकडं मी, कधी गुडघाभर, कधी कमरेएवढ्या पाण्यात. शेवटी तो दमला, काठाशी आला आणि तिथंच गळ त्याच्या तोंडातून सुटला. मी ओरडलो. तिनं मात्र पदर खोचून चिखलात उडी घेतली आणि हातभर लांबीचा रोहू छातीशी कवटाळून उठली. दोघंही वेड्यासारखे हसत होतो. गावात सगळ्यांना मी सांगितलं, मीच धरला. ती नुसती गालात हसली. इतक्या वर्षांनी आज लिहून टाकतो: मासा तिनं धरला होता.