वायरमन बाई

खांबावर चढणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. ते खाली उभेच असतात! मी नागपुरात कामठी रोडवरच्या एका वीज ऑफिसात लाइनचं काम करते. सरकारनं भरतीत बायकांसाठी जागा राखून ठेवल्या, त्यातली एक मला मिळाली, एक सविताला. तेव्हापासून डबा उघडला की किस्सा निघतोच.

*

सुरुवातीलाच सीनियर लाइनमन ढोकेकाका मला प्रॅक्टिसच्या खांबावर घेऊन गेले. मी भराभर चढले. वर पोचले आणि पाय लॉक! वाटलं, गेली नोकरी.

काका ओरडले नाहीत. खालून म्हणाले, "पोरी, तिकडं खापरखेड्याच्या पॉवर हाऊसच्या चिमण्या दिसून राहिल्या का?"

"हो."

"धूर कोनीकडं चालला?"

मी नीट बघितलं. "त्या बाजूला!"

"मले इथून समजत नाही. खाली येऊन हातानं दाखव."

मी दाखवायला खाली आले. आल्यावर कळलं, उतरले की मी!

*

ऑफिसात बायकांसाठी बाथरूम नव्हतं. भरतीचा जीआर निघाला, पण बिल्डिंगला तो कोणी वाचून दाखवला नव्हता! आम्ही दोघी दिवसभर पाणीच पीत नसू. मे महिन्यात सविताला चक्कर आली.

दुसऱ्या दिवशी एकुलत्या एक बाथरूमच्या दारावर काकांनी रंगानं 'महिला' लिहून टाकलं. पुरुषमंडळी समोरच्या पेट्रोल पंपावर जाऊ लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "पुरुषांचं कुठे आहे?"

काका म्हणाले, "साहेब, सरकारनं जागा राखीव ठेवा म्हटलं. आमच्याकडं एकच होती. राखली!"

दिवाळीच्या आत दुसरं बाथरूम बांधून झालं.

*

एका आजींची तक्रार होती, लाइट नाही. मी बेल वाजवली.

"वायरमन नाही आला काय वं?"

"मीच वायरमन, आजी."

"अवं माय! मंग तुया नवरा काय करते?"

"आज सुट्टी आहे त्याला. घरी पोरगी सांभाळून राहिला."

काम झालं, पंखा फिरला. आजींनी चहा दिला आणि बिस्किटाचा पुडा हातात कोंबला. "हे त्याले दे. थकला असन बिचारा!"

*

सविता कामठीहून शेअर ऑटोनं येते. एकदा ऑटोवाल्यानं तिचं हेल्मेट बघून विचारलं, "काल आमच्या गल्लीतली लाइट तुम्हीच चालू केली ना? मंग आज भाडं राहू द्या ताई."

सविता म्हणाली, "भाडं घ्या दादा. बिल तेवढं टाइमावर भरा!"

*

माझ्या सासूबाईंनी गल्लीत सांगून ठेवलं होतं, "सून वीज ऑफिसात टेबलावर बसते." मी कधी खोडलं नाही.

मग एका दुपारी आमच्याच गल्लीतली लाइन गेली आणि ड्यूटी नेमकी माझी. हेल्मेट कपाळावर ओढून मी खांबाशी आले. सगळी गल्ली बाहेर. सासूबाई फाटकात उभ्या. मी खाली मान घालून बेल्ट बांधला आणि चढले.

शेजारच्या कुंदाकाकूंनी विचारलंच, "काहून वं, हे तुमची सून व्हय का?"

सासूबाई तडक वळल्या. घरात गेल्या. माझ्या हातातली पक्कड थांबली.

त्या खुर्ची घेऊन बाहेर आल्या. गल्लीच्या मधोमध ठेवली, पदर सारखा केला, बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"ज्याले पाहाचं हाय, त्यानं आपापली खुर्ची आनावी!"